समुदाय भवनाचा सर्वे: मोबाईलवरचा फॉर्म की दारोदारची वही?

पंचायतीनं विचारलं, समुदाय भवनाच्या मागच्या खोलीचं काय करायचं? आमच्या पोरांनी एका रात्रीत गूगल फॉर्म तयार करून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत उत्तरं आली, रंगीत आलेख निघाला आणि कौल अभ्यासिकेला मिळाला. टेबलं आली, बाकडी आली. परीक्षा संपल्यावर खोलीला कुलूप लागलं, ते निघालंच नाही. त्याच खोलीत दुपारी शिवणकाम शिकायला बसू म्हणणाऱ्या बायका मळ्याकडच्या वस्तीत होत्या, आणि त्या वस्तीतलं कुणीच त्या ग्रुपवर नव्हतं. पुढच्या खेपेला आम्ही वही घेऊन दारोदार फिरलो.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या एखाद्या पंच कमिटीत, महिला मंडळात किंवा पंचायतीत तुम्ही असाल आणि भवनाच्या वापराबद्दल लोकांना विचारायचं ठरलं असेल, तर या दोन वाटा आधी शेजारी शेजारी ठेवून पाहा. माझा कल वहीकडे आहे, हे आधीच सांगतो. पण फॉर्म बरा ठरतो अशाही जागा आहेत.

दोन्हींच्या आधी एक काम बिनखर्चाचं आहे. भवनाची बुकिंगची वही काढून गेल्या वर्षाच्या नोंदी मोजा: लग्न, बारसं, स्त्री शक्ती संघाची बैठक, आरोग्य शिबिर. वहीत फक्त भाडं भरणारे दिसतात. कॅरम खेळणारी पोरं आणि संध्याकाळी कट्ट्यावर टेकणारी म्हातारी माणसं तिथं नसतात. म्हणून सोमवार ते रविवार, रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकानं जाऊन आत किती बायका, किती पुरुष, किती मुलं आहेत त्याच्या रेघा मारायच्या. २१ फेऱ्या होतात. एवढ्यावरून कोण येतं ते कळतं. कोण येत नाही आणि का येत नाही, ते कळायला मात्र विचारावंच लागतं.

कुणापर्यंत पोचतं

फॉर्म ग्रुपवर असतो, म्हणजे ग्रुपवर असणाऱ्यांचाच असतो. आपल्याकडच्या घरात स्मार्टफोन बहुधा पोराकडे किंवा कर्त्या पुरुषाकडे. सासूबाईंकडे बटणांचा फोन, तोही कॉल घेण्यापुरता. उलट गावच्या ग्रुपवर पुण्यात, गोव्यात कामाला असलेली मुलं असतात. ती मायेपोटी सगळ्यात आधी फॉर्म भरतात आणि व्यायामशाळा मागतात. भवनात ती येणार गणपतीला चार दिवस. एकाच माणसाला अनेकदा भरता येऊ नये म्हणून ‘एकदाच उत्तर’ ही सोय लावली, तर गूगल खात्यात लॉगइन करावं लागतं, आणि वयस्कर माणूस तिथंच थांबतो.

वहीच्या वाटेनं गेलात तर सगळी घरं घ्यायची गरज नाही. पंचायतीचं घरपट्टीचं रजिस्टर ही तयार यादी आहे. त्यात न आलेली नवी आणि मळ्यातली घरं बिल कलेक्टर, वॉटरमन आणि अंगणवाडी सेविकेला तोंडपाठ असतात, त्यांच्याकडून भर घाला. यादी गल्लीवार लावा. समजा गाव ६०० घरांचं आहे. १ ते ७ आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत टाकून एका पोराला एक काढायला सांगा. ४ आला तर चौथं घर, मग अकरावं, मग अठरावं. दर सातवं घर धरलं की ८५ किंवा ८६ घरं होतात आणि प्रत्येक गल्ली आपल्या मापानं त्यात येते. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्या गावांत भवन ज्या गल्लीत उभं राहतं, त्या गल्लीचं होऊन बसतं. दुसऱ्या टोकाला आंबेडकर भवन असलं तर दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या भवनाची पायरी चढायला बिचकतात. ‘तो त्यांचा हॉल, आमचा न्हवं’ हे वाक्य फॉर्मवर कुणी टाइप करत नाही. दारात, चहा ठेवता ठेवता, ते सहज निघून येतं.

घर निवडलं तरी घरातलं कोण, हे उरतंच. दार उघडणाऱ्याला विचारलं तर सकाळी अकराला फक्त आजोबा भेटतील. ज्याचा वाढदिवस जवळचा त्याला विचारावं, अशी एक युक्ती सर्वेवाले वापरतात. आमच्याकडे ती लंगडी पडते, कारण जुन्या माणसांपैकी बऱ्याच जणांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची १ जून. त्यापेक्षा घरातल्या मोठ्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून एक उचला. ज्याचं नाव निघेल तो उद्यमबागेतल्या किंवा मच्छेतल्या कारखान्यात पाळीवर असेल तर पुन्हा या. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घ्यायचं नाही. वेगवेगळ्या वेळी तीन खेपा घाला, मग त्या घरापुढे ‘भेटले नाहीत’ लिहा. दिवसा न भेटणारी माणसं आणि भवन न वापरणारी माणसं पुष्कळदा तीच असतात.

खरं कुठं सांगतात

इथं फॉर्मची बाजू जड आहे, हे मानलंच पाहिजे. फॉर्मला तोंड नसतं. भवनाच्या मागं रात्री दारू पितात, किल्ली एकाच घरात असते, भाडं माणूस बघून ठरतं, या गोष्टी पंच कमिटीचा माणूस समोर बसला असताना कोण सांगेल? ‘चांगलंच चाललंय की’ एवढंच ऐकून परत याल.

म्हणून विचारणारे बदला. एका गल्लीच्या पोरांनी दुसऱ्या गल्लीत जायचं. जोडीत एक बाई हवीच, म्हणजे सून सासऱ्यासमोर नाही तरी परड्यात उभी राहून बोलते. पंचांनी स्वतः जायचं नाही. शेवटचा तक्रारीचा प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकायची सोय ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी दोन-तीन चित्रं पुरतात: किल्ली, बाटली, दिवा.

वहीची दुसरी अडचण धास्तीची. दारात वही दिसली की पहिला सवाल येतो, ‘कशाचा सर्वे ओ? गृहलक्ष्मीचे पैसे बंद करणार काय?’ त्या सरकारी योजनेतून घरच्या बाईला मिळणारे महिन्याचे २००० रुपये, बीपीएल कार्ड, सगळं त्या वहीला टांगलेलं वाटतं. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या कर्नाटक राज्याच्या सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षणात ६० प्रश्न होते. माणसं प्रश्नांना कंटाळली आहेत. तुमचे प्रश्न आठाच्या वर जाऊ देऊ नका. नाव, फोन, आधार, उत्पन्न यातलं काहीही विचारू नका, आणि ‘नाव लिहीत नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

भाषा

आपल्या भागात भाषेचा रकाना नुसता रकाना राहत नाही. मातृभाषा विचारलीत की सर्वे तिथंच बिनसतो आणि सीमाप्रश्नाची चर्चा सुरू होते. भवनाच्या वापरासाठी ती माहिती लागतही नाही. उत्तर कोणत्या भाषेत दिलं, एवढी खूण कोपऱ्यात करा. बस्स.

कागद मात्र मराठी आणि कन्नड दोन्हींत हवा. घरात मराठी बोलणारी पण कन्नड शाळेत शिकलेली मुलं देवनागरीपेक्षा कन्नड लिपी भराभर वाचतात, त्यांच्या आजीचं उलट. उर्दू बोलणारी घरं तोंडी विचारलं तर दोन्हींपैकी एका भाषेत सहज उत्तर देतात. फॉर्ममध्ये दोन भाषा शेजारी शेजारी घातल्या की तो लांबलचक होतो आणि फोनवर खाली सरकवता सरकवता माणूस सोडून देतो. वहीत विचारणारा माणूस बघून भाषा बदलतो. इथं वही निर्विवाद पुढे आहे.

भाषांतर एकानं केलं की ते दुसऱ्या कुणाला तरी, मूळ कागद न दाखवता, उलट मराठीत करायला लावा. चुका लगेच वर येतात. दोन्ही भाषांत चालणारे शब्द पकडा. ‘उपयोग’ दोन्हीकडे आहे. ‘समाजमंदिर’ म्हटलं तर काहींना ते एका जातीचं वाटतं, ‘समुदाय भवन’ हे फलकावरचं नाव. लोक जे म्हणतात तेच विचारा: तळ्याजवळचा हॉल.

प्रश्नही तसाच जमिनीवरचा हवा. ‘तुम्ही भवनाचा उपयोग करता का?’ याला सगळे हो म्हणतात. ‘गेल्या गणपतीपासून आजपर्यंत तुम्ही स्वतः आत गेला होता का? कशासाठी?’ याला माणूस आठवून उत्तर देतो. वर्षाचा हिशेब तारखेनं लागत नाही, सणानं लागतो. तसंच ‘व्यायामशाळा हवी का, अभ्यासिका हवी का, शिवणवर्ग हवा का’ असं एकेक विचारू नका, सगळ्याला हो येईल. ‘खोली एकच आहे, यातलं एकच काय?’ असं विचारा. गावात पंचायतीचं अरिवु केंद्र, म्हणजे वाचनालय, चालू असेल तर तेही आधी सांगा, म्हणजे वाचायची सोय दोनदा मागितली जाणार नाही.

आकडे आणि श्रम

फॉर्मला खर्च नाही, बेरीज आपोआप होते. पण जास्त उत्तरं आली म्हणजे ती जास्त खरी, असं मात्र नाही. चिठ्ठी काढून निवडलेली ८५ घरं ही ३०० हौशी फॉर्मांपेक्षा गावाचं बरं चित्र देतात. ६०० घरांतून अशी ८५ घरं घेतली तर चूक साधारण १० टक्के इकडे किंवा तिकडे, शंभरातल्या पंच्याण्णव वेळा. म्हणजे ४० टक्के घरं ‘गेलो होतो’ म्हणाली, तर गावाचा खरा आकडा ३० ते ५० मध्ये धरायचा. ही चूक ५ टक्क्यांवर आणायची तर सुमारे २३५ घरं करावी लागतात, जवळजवळ तिप्पट. एका खोलीचा निर्णय घ्यायला ती मेहनत नको. पण ४६ टक्के विरुद्ध ४२ टक्के असा निकाल आला तर ‘अमुक जिंकलं’ म्हणू नका. तो बरोबरीचा आहे. गाव दीडशे घरांचं असेल तर निवड कशाला, सगळीच घरं करा.

एका घराला चालण्यासकट पंधरा मिनिटं धरा. ८५ घरांचे एकवीस-बावीस तास. तीन जोड्यांना तीन संध्याकाळी पुरतात, परतीच्या खेपांसाठी आणखी एक रविवार. सुगीत जाऊ नका, लग्नसराईत जाऊ नका, खानापूरच्या पावसात तर नकोच. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायका हात चालू ठेवून मोकळेपणानं बोलतात, त्यांना फॉर्म भरायला सांगणं म्हणजे मजुरी बुडवणं. बेळगावच्या वडगाव, शहापुरात मागाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. माग थांबवून बोलायला लावायचं असेल तर पाच मिनिटांत संपवा.

विचारणाऱ्यांनी उत्तरं आपल्याकडे वळवली का, हे तपासायची एक जुनी भारतीय रीत आहे. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी बंगालच्या तागाच्या पाहणीपासून ती वापरली. त्याच भागातला नमुना दोन तुकड्यांत वाटायचा आणि दोन वेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे विचारायचं. यादीतली सम घरं एका गटाला, विषम दुसऱ्याला. घरं कमी असल्यानं थोडा फरक पडणारच. पण एका गटाला निम्मी घरं तक्रार करताना दिसली आणि दुसऱ्याला एकही नाही, तर गावाकडे बघायच्या आधी विचारणाऱ्यांकडे बघा.

वॉर्ड सभा आणि ग्रामसभा ही तिसरी वाट कुणीतरी सुचवेलच. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत कायद्यानं त्यांना जागा दिली आहे आणि अंतिम निर्णय तिथंच व्हावा. पण मोजायला सभा उपयोगाची नाही. पुढं बसलेले चार जण बोलतात, बाकी माना डोलावतात. मुलांचं मात्र वेगळं. कॅरमवाली ती पोरं वहीत येत नाहीत, कारण चिठ्ठ्या मोठ्यांच्या नावांच्या. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा भरणारी मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा, धरा, तिथं ती चांगली धीट बोलतात.

मग निवडायचं काय? गावात, जुन्या गल्ल्यांत, जिथं भवन कोण वापरत नाही हे शोधायचं आहे तिथं वही. बेळगावच्या टिळकवाडीसारख्या भागातल्या अपार्टमेंटमध्ये वॉचमन वर सोडत नाही आणि माणसं रात्री नऊला घरी येतात, तिथं फॉर्म. भवनात आधीच येणाऱ्यांची यादी हातात असेल, म्हणजे योगवर्गाची माणसं, अभ्यासिकेची मुलं, आणि त्यांना फक्त वेळ बदलायची का हे विचारायचं असेल, तर तिथंही फॉर्मच, घरोघर फिरायचं कारण नाही. दोन्ही केलीत तर उत्तरं एकत्र मिसळू नका. वहीचा हिशेब वेगळा, फॉर्मचा वेगळा. बहुतेक गावांत या दोन कागदांवर दोन वेगळी गावं दिसतील, आणि खोलीचा निर्णय वहीच्या कागदावरून करा.

आमच्या वहीचा निकाल आम्ही एका पानावर, वर कन्नड, खाली मराठी, भवनाच्या दाराला चिकटवला आणि वॉर्ड सभेची तारीख त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिली. त्या सभेला मळ्याकडच्या सहा बायका आल्या. पहिल्यांदाच.