जुनी फोर बाय फोर आणि खालून येणारी चिकचिक: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

इंजिन, ओढ, चढावरची ताकद यावर काही लिहीत नाही, असली गाडी घेणाऱ्याला ते आधीच पाठ असतं. लॅडर चासी, पुढेमागे अख्खा ॲक्सल, चारही कोपऱ्यांना कमानीचे पाटे, पार्ट टाइम ट्रान्सफर केस (एरवी ताकद मागच्या चाकांना, गरज पडली तरच पुढच्यांना पण देणारा डबा) आणि पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक ॲक्सलला जोडणारे किंवा सोडवणारे), एवढं सांगितलं की गाडी डोळ्यासमोर येते. चिखलात घातली, दगडात घातली, कुठे अडली नाही. तरी या गाडीबद्दलचं माझं मत बनलं, बिघडलं आणि परत बनलं ते एकाच गोष्टीमुळे, खालून येणारा चिक-चिक-चिक आवाज.

आवाज तसा बारीक. साधारण २० ते ४० च्या स्पीडला, काच खाली असेल आणि बाजूला भिंत किंवा कठडा असेल तर अगदी स्पष्ट, पुढे स्पीड वाढला की टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात बुडून जायचा. पण रोज नाही. कितीतरी दिवस गाडी एकदम शांत आणि मग एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. पाण्यातून गाडी काढली की थोडा वेळ गप्प, वाळली की परत सुरू. ज्यांना गाडीचे आवाज ऐकायची सवय आहे त्यांना हे किती छळतं ते माहीत असेल, गाडी चालवायची सोडून माणूस नुसता ऐकत बसतो.

गॅरेजला दिली तर तिथे आवाज आलाच नाही. इथपर्यंत ठीक आहे, असा येऊन-जाऊन असणारा आवाज नेमका त्यांच्यासमोर यावा अशी अपेक्षा मी पण करत नाही. पण आवाज ऐकलाच नाही आणि तरी पार्ट बदलले, याचा मला आजही राग आहे. आधी ब्रेक पॅड, मग "पाट्यांचे बुश गेलेत" म्हणून शॅकलचे (पाटा चासीला टांगणाऱ्या पट्ट्यांचे) सगळे बुश, म्हणजे सांध्यातले रबरासारखे गोल तुकडे. जुने पॅड मी मागून घेतले, त्यात अजून निम्म्याहून जास्त जाडी शिल्लक होती. मी पैसा जपून वापरणारा माणूस आहे, जुनी गाडी सांभाळायची तर पैसा खरंच संपलेल्या पार्टवर गेला पाहिजे, अंदाजावर नाही. चिकचिक होती तशीच होती, बिल मात्र झालं, आणि वर "जुन्या गाडीला एवढं चालायचंच" हे ऐकून घ्यावं लागलं. नाही चालायचं. काहीतरी कोरडं घासल्याशिवाय असा आवाज येत नाही आणि घासतंय म्हणजे काहीतरी झिजतंय. त्या काळात गाडी विकून टाकावी इथपर्यंत आलो होतो.

बुशचं वेगळं सांगायला पाहिजे कारण तिथे माझं मत दोनदा बदललं. रबराच्या जागी पॉलियुरेथेनचे घातले होते. सुरुवातीला खूप आवडले, गाडीचं डोलणं कमी झालं, वळणावर पुढचा भाग नीट बसून राहतो. मग काही दिवसांनी स्पीडब्रेकरवर करकर सुरू झाली, म्हणजे आता गाडीत दोन आवाज. कारण असं की रबराचा बुश आतल्या स्लीव्हला (लोखंडी नळीला) घट्ट धरून स्वतः पिळला जातो, तिथे काही घासतच नाही, आणि पॉलियुरेथेनचा बुश पिळत नाही, तो स्लीव्हभोवती फिरतो, त्यामुळे त्याला ग्रीस लागतंच, आणि ते पण सिलिकॉन ग्रीस. माझ्या गाडीत ते कोरडेच बसवले होते. काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवले आणि करकर पूर्ण गेली. आता परत आवडतात. ज्यांच्याकडे अजून रबराचे आहेत त्यांनी आवाज आला म्हणून त्यावर पेट्रोलियमवाले स्प्रे मारू नका, रबर फुगतं आणि मऊ पडतं, आवाज चार दिवस बंद होतो आणि बुश कायमचा जातो. आणि रबराचे नवीन बुश घातले तर शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

करकर गेल्याचा मोठा फायदा म्हणजे उरलेला आवाज एकटा ऐकू यायला लागला. आणि मग मी ठरवलं की आवाज कुठून येतोय हे शोधायचंच नाही, तो कशाच्या तालावर वाजतोय ते आधी बघायचं. गाडीखाली सगळं लोखंड एकमेकांना जोडलेलं असतं, पुढे झालेला आवाज चासीतून मागे येऊन सीटखाली वाजतो, त्यामुळे जागेवर कानाचा भरवसा नाही, तालावर आहे.

उभ्या गाडीत रेस दिली, आवाज नाही, म्हणजे बेल्ट, पुली, अल्टरनेटर बाजूला. (तिथे आवाज आलाच असता तर बेल्टवर थोडं पाणी मारून बघायचं, क्षणभर गप्प झाला तर पुली एका रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट ढिला.) गाडी चालू असताना मोकळ्या सपाट रस्त्यावर क्लच दाबला, मग न्यूट्रल केलं, इंजिन चालूच ठेवून, आवाज जसाच्या तसा, म्हणजे क्लचचं रिलीज बेअरिंग पण नाही. ब्रेकला पाय नुसता टेकवला, काही फरक नाही, म्हणजे पॅड नाहीत. उभी गाडी बंपरवर दाबून हलवली, शांत. म्हणजे उरलं फक्त चाकासोबत फिरणारं काहीतरी.

आता यात पण दोन प्रकार, चाकाच्या वेगाने फिरणारं आणि प्रोपेलर शाफ्टच्या (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) वेगाने फिरणारं. माझ्या ॲक्सलचं गुणोत्तर ४.१ च्या आसपास आहे म्हणजे चाक एकदा फिरलं की प्रोपेलर शाफ्ट चार वेळा फिरतो. टायरवर खडूने एक जाड रेघ मारली, मित्र शेजारून चालत राहिला आणि मी गाडी माणसाच्या चालीने सोडली. चाकाच्या एका फेरीत आवाज एकदाच आला तर चाकाचं बेअरिंग, डिस्क, ड्रम, हब इकडे बघायचं. चार किंवा आठ वेळा आला तर शाफ्ट, आठ का तर क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, एका फेरीत दोनदा वाकतो. आवाज भराभर येत होता, चाकाच्या एका फेरीत एकदा तर नक्कीच नाही. ३० च्या स्पीडला हेच मोजायला गेलो असतो तर जमलं नसतं, तिथे शाफ्ट सेकंदाला चौदा-पंधरा फेऱ्या मारतो आणि सगळं मिसळून जातं, म्हणून हे एकदम हळू करायचं.

शाफ्ट दोन, पुढचा आणि मागचा. मागचा कायम फिरतो, त्याचा आवाज रोज यायला हवा होता. आणि हे मनात आलं तसं सगळं एकदम उलगडलं, येऊन-जाऊन का, गॅरेजमध्ये का नाही, सगळंच. रोजच्या वापरात माझे हब फ्री असतात, पुढचा शाफ्ट उभाच असतो. कच्च्या रस्त्याला निघालो की हब लॉक करतो आणि डांबरीवर आलो तरी परत पोचेपर्यंत तसेच ठेवतो, २एच मध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) ते चालतं. हब लॉक असले की पुढची चाकंच ॲक्सलला आणि पुढच्या शाफ्टला फिरवतात, लोड नसताना, नुसता फिरत राहतो, आणि तेव्हाच तो चिकचिकतो. ४एच मध्ये (चारही चाकांना ताकद) लोड आला की आवाज दबायचा, म्हणून खऱ्या ऑफरोडिंगमध्ये कधी लक्षात आलाच नाही. आणि गॅरेजला गाडी नेहमी हब फ्री करून गेलेली, तिथे तो आवाज येणं शक्यच नव्हतं, पण हब लॉक करून एक चक्कर मारून बघू असं तिथल्या एकालाही सुचलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, त्यांचा तर हा रोजचा धंदा.

खात्री करायला गाडी वर घ्यायची पण गरज पडली नाही. सपाट जागा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, इंजिन बंद, २एच, हब फ्री, आणि खाली झोपून पुढचा शाफ्ट हाताने फिरवला. ट्रान्सफर केसच्या बाजूला तोच आवाज, तोंडासमोर. क्रॉसच्या टोकांवरच्या कपांच्या कडेला विटकरी रंगाची बारीक पूड जमली होती. ही पूड दिसली की आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या आहेत हे समजायचं, ग्रीस संपून लोखंडाचा गंज बाहेर पडतोय.

आता मुख्य तक्रार. पुढच्या शाफ्टला ट्रान्सफर केसकडे डबल कार्डन जॉइंट आहे, म्हणजे दोन क्रॉस शेजारी-शेजारी आणि मधोमध दोघांना सरळ ठेवणारा एक सेंटरिंग बॉल. क्रॉसचे निप्पल (ग्रीस भरायची तोंडं) दिसतात, त्यांना कोणीही ग्रीस मारतो. त्या बॉलचा निप्पल आत योकमध्ये (क्रॉस धरणाऱ्या बेळक्यात) लपलेला आहे, सपाट आहे, नेहमीची ग्रीस गन त्यावर बसत नाही, सुईसारखं टोक लावावं लागतं, आणि शाफ्ट एका ठराविक जागी फिरवून थांबवल्याशिवाय ते टोक पण पोचत नाही. ज्या जॉइंटला इतकं पाणी आणि चिखल मिळतो त्याचा निप्पल असा ठेवणं हे डिझाइन मला पटतच नाही. दर सर्व्हिसला "सगळीकडे ग्रीस मारलं" सांगितलं जातं आणि हा एक राहतो, माझ्यात तर सुई टोचल्यावर आधी कोरडी काळी माती बाहेर आली. बॉल कोरडा पडला की तो चिकचिकतो, मग झिजतो, मग शाफ्ट मधोमध राहत नाही आणि थरथर सुरू होते.

लिथियम बेसचं ईपी ग्रेड २ ग्रीस हळूहळू दाबलं, क्रॉसच्या चारही कपांतून ताजं ग्रीस दिसेपर्यंत. एक कप ग्रीस घेत नव्हता, शाफ्ट थोडा फिरवून त्या कपावरचा ताण काढला तेव्हा घेतलं. स्लिप योकला (शाफ्टचा आतबाहेर सरकणारा जोड) मात्र जपून, तिथे जास्त दाबलं तर आत ग्रीस अडकतं आणि शाफ्टला आतबाहेर सरकायला जागाच उरत नाही, सील जरा हलताना दिसलं की थांबायचं. क्रॉसवर नुसता पेनेट्रेटिंग स्प्रे मारायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला, तो ऐकू नका, उरलंसुरलं ग्रीस धुऊन जातं.

तेव्हापासून हब लॉक असो वा फ्री, गाडी शांत आहे. एक कप थोडा खेळतोय, हाताने हलवलं की कळतं, त्यामुळे तो क्रॉस बदलायचा आहे आणि ते मी टाळणार नाही. चिकचिक ही पहिली पायरी, त्यानंतर क्लच सोडताना किंवा ४एच घेताना टक आवाज, मग थरथर, आणि शेवटी चालत्या गाडीत क्रॉस तुटला तर सुटलेला शाफ्ट ट्रान्सफर केसचं हाउसिंग फोडू शकतो. शाफ्ट काढताना दोन्ही योकवर आणि फ्लँजवर पंचने खुणा करून ठेवा, परत त्याच खुणांवर बसवा, स्लिप योक एक दाता जरी सरकून बसला तरी नवीन थरथर विकत घेतल्यासारखं होतं.

गाडी विकायचा विचार सोडला. पाण्यातून काढली की पुढच्या शाफ्टला ग्रीस, हा नियम केलाय. आणि एक बारीक गोष्ट, निप्पल ज्या जागी खाली येतो तिथे शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका दिलाय, दोन ठिपके समोरासमोर आणले की सुई सरळ आत जाते, खाली झोपून निप्पल शोधत बसावं लागत नाही.