दहावीचं ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ : वर्षभर वर्गात वापरल्यानंतर

मराठी माध्यमाच्या दहावीला २०१८ पासून बालभारतीचं हे पुस्तक आहे. कोल्हापूर भागातल्या शाळांत वर्षभर शिकवल्यावर ठाम मत असं झालंय की पुस्तक दमदार आहे, पण पान १ पासून सरळ पुढं शिकवत जायचं पुस्तक नाही. टाचण, म्हणजे तासिकेचं लेखी नियोजन, पानांचं न काढता कृतींचं काढा.

कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेचा पेपर बघा. लेखी ८० गुणांपैकी पुस्तकातल्या गद्य उताऱ्यांना २०, कवितेला १०. उरलेले ५० व्याकरण, अपठित उतारा, सारांश, पत्र, संवाद किंवा भाषण, अनुवाद वगैरेंना. धडा ओळीओळीनं मराठीत सांगत बसलं की पोरांना गोष्ट कळते, पण अपठित उतारा समोर आला की ती गप्प होतात, कारण स्वतः वाचायची सवयच लागलेली नसते.

‘हिज फर्स्ट फ्लाइट’ या पक्ष्याच्या पिल्लाच्या पहिल्या उड्डाणाच्या धड्याचं नियोजन असं जमतं. तासिका ३५ मिनिटांची धरा. सुरुवातीच्या ‘वॉर्मिंग अप’मधली एकच कृती, ८ मिनिटांत. सगळ्या घेतल्या तर पहिली तासिका तिथंच संपते. मग फळ्यावर रेखाटन : एका बाजूला कडा, त्यावर अरुंद कपार, खाली समुद्र, समोर पठार. पिल्लू कपारीवर एकटं, घरचे सगळे पलीकडं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की अवघड वाक्यंही सुटतात. नवे शब्द पाच-सहाच लिहा : लेज (कपार), ब्रिंक (कड), प्रीन (चोचीनं पिसं साफ करणं), व्हेट (धार लावणं) असे. मग पहिला भाग शिक्षकानं मोठ्यानं वाचावा.

दुसऱ्या तासिकेत जोडीनं मूकवाचन आणि समासातले प्रश्न. हे छोटे प्रश्न या पुस्तकाचं बळ आहेत, आणि घाईत बहुतेक वेळा तेच गाळले जातात.

तिसऱ्या तासिकेत एका उताऱ्यावर ए-१ ते ए-५ अशा पाच कृती, प्रत्येकी २ गुण, अगदी परीक्षेसारखं. कृती स्वतः काढा. गाइडमधल्या घेतल्या तर अर्ध्या वह्यांत एकच उत्तर, चुकांसकट. ए-५ हा वैयक्तिक मताचा प्रश्न पोरांच्या इथल्या जगण्यातलाच हवा. पाठीला डबा बांधून विहिरीत मारलेल्या पहिल्या उडीवर विचारा. कच्ची मुलंसुद्धा चार वाक्यं लिहितात. क्रियापदं चुकली तरी त्या दिवशी लाल पेन आवरा.

चौथ्या तासिकेत ‘इंग्लिश वर्कशॉप’, म्हणजे धड्याखालचा स्वाध्याय. त्यातलं सगळं करायचा हट्ट नको. एक व्याकरणाची, एक लेखनाची कृती पुरे, बाकी गृहपाठ.

कवितांना दोन तासिका बास. रसग्रहणाच्या ५ गुणांसाठी शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, आशय हा क्रम पहिल्या कवितेपासूनच घोटवून घ्या.

पुस्तकातल्या क्यूआर कोडवर भरवसा ठेवून तास आखू नका. गगनबावडा, शाहूवाडीकडं रेंज मिळेलच असं नाही. पुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत आहे, ती आधीच मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

वार्षिक नियोजन करताना पाऊस धरावाच लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या की मागच्या बाकापर्यंत आवाज जात नाही, आणि पंचगंगेला पूर आला की हजेरीही निम्म्यावर येते. त्या आठवड्यांत श्रवण-संभाषणाच्या कृती ठेवू नका. पत्रलेखन, सारांश, अनुवाद घ्या. गैरहजर राहिलेल्यांना हे नंतर वहीवरून भरून काढता येतं, संभाषण येत नाही.