पिशवीवर झिंक, आत मॅग्नेशियम

उमरेड तालुक्यात माझी पाच एकर काळी जमीन. सोयाबीन निघालं की हरभरा, बांधाला तूर. गेल्या ऑक्टोबरात या हरभऱ्यापायी १८,५०० रुपये घालवले. सांगायची लाज वाटते, पण मला नकली झिंक खत विकणारी पोरं आता कुही-भिवापूरकडे फिरतात असं कानावर आलं, म्हणून लिहितो.

दोघं मोटारसायकलवर आले. मारुतीच्या पारावर बसले, मूठभर माती हातात घेतली अन् एक जण म्हणाला, "भाऊ, मातीतच झिंक नाही, तं दाण्यात कुठून येईल? अन् दाण्यात नाही, तं लेकराच्या पोटात कुठून जाईल?" तेव्हा आमच्या सुनेचं हिमोग्लोबिन ८ वर होतं. वाक्य काळजाला लागलं. हिमोग्लोबिनला लोह लागतं, झिंक ही वेगळी गोष्ट, हे विचारायचं मला सुचलं नाही.

गंमत अशी की मातीबद्दल तो खोटं बोलला नव्हता. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू (पीएच) ८ च्या वर गेला की झिंक असूनही मुळांना मिळत नाही. माझ्या मातीचा रिपोर्ट मी नंतर नागपूरला काढला, त्यात झिंक ०.४ पीपीएम आलं. ०.६ च्या खाली गेलं की कमतरता धरतात. खऱ्याच्या पाठीवर बसून खोटं घरात आलं ते असं.

योजना अशी: त्यांचं 'झिंक सल्फेट ४० टक्के' पेरताना डीएपीत (फॉस्फेटच्या खतात) मिसळून टाकायचं, आणि तयार झालेला 'पोषणयुक्त हरभरा' ते नागपूरच्या कळमना बाजाराच्या भावापेक्षा क्विंटलमागे १,५०० रुपये जास्त देऊन उचलणार. स्टॅम्पपेपरवर करारही झाला. सोबत एक लॅब रिपोर्ट दाखवला, त्यात १०० ग्रॅम हरभऱ्यात ३० मिलिग्रॅम झिंक. साध्या हरभऱ्यात ते साधारण ३ मिलिग्रॅम असतं. एका पेरणीत दहापट! गाईला दहा सड फुटतील म्हटलं असतं, तरी त्या दिवशी मी मान हलवली असती.

दिवाळीला भाचा आला. तो कृषी पदवीला आहे. पिशवी वाचूनच हसला. "मामाजी, खताचं झिंक सल्फेट ४० टक्क्यांचं येतच नाही. एक प्रकार २१ टक्क्यांचा, दुसरा ३३ चा. ४० कुठून आणलं यांनी?" मग त्यानं डीएपी पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळलं आणि दोन ग्लासांत ओतलं. एकात उमरेडच्या दुकानातून आणलेल्या झिंक सल्फेटचं पाणी टाकलं, तर फाटलेल्या दुधासारखा दाट साका झाला. दुसऱ्यात आमच्या पिशवीतलं टाकलं. काहीच झालं नाही. मॅग्नेशियम सल्फेट असलं की असंच होतं. दिसायला सारखं, किमतीला फार स्वस्त, म्हणून भेसळीला तेच वापरतात.

त्या ग्लासात आणखी एक गोष्ट दिसली. खरं झिंकसुद्धा डीएपीत मिसळलं तर फॉस्फेटशी बांधून असंच वाया जातं. म्हणजे माल असली असता, तरी त्यांनी सांगितलेली पद्धत चुकीचीच होती. शिवाय डीएपीचा मारा जास्त झाला की पीक झिंक कमी उचलतं आणि दाण्यात फायटेट वाढतं. तेच पुढे पोटात झिंक अन् लोह अडवून धरतं. दाण्यात झिंक वाढवायचं तर फुलोऱ्यात आणि घाटे भरताना फवारणी जास्त कामी येते: १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम झिंक सल्फेट, २५ ग्रॅम विझवलेल्या चुन्याची निवळी. हेही भाच्यानंच सांगितलं. फुकटात.

फोन बंद. वर्धा रोडवरच्या पत्त्यावर गेलो, तिथे शिकवणीचा बोर्ड. करारावर त्यांच्या बाजूला नुसता रबरी शिक्का, सही नाहीच. तालुक्याच्या कृषी कार्यालयात साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "पक्कं बिल?" माझ्याजवळ वहीच्या पानावरची पावती. परवाना क्रमांक नाही, लॉट नंबर नाही. "काकाजी, नमुना घ्यायचा कोणाच्या नावानं?" त्यांचंही बरोबर होतं. ग्लासातली परीक्षा आपल्याला शंका यायला पुरते, केसला प्रयोगशाळेचाच रिपोर्ट लागतो, अन् तोही शिवण न उसवलेल्या पिशवीचा.

हरभरा कळमन्यात गेला, सगळ्यांच्याच भावानं.

एक पिशवी मी न फोडता कोठ्यात ठेवली आहे. पिवळी, हिरव्या अक्षरांची, मागे बनवणाऱ्याचा पत्ता नसलेली. तुमच्याकडे तशीच आली असेल तर पेरू नका, तोंड उसवू नका. तालुक्याला एकत्र जाऊ, माझी मी घेऊन येतो.