वॅगन-आरमध्ये ट्रॅक्टरचं ऑइल: नऊ महिने आणि उरलेलं दीड लिटर

गाडी २००७ ची वॅगन-आर, १.१ पेट्रोल. रनिंग एक लाख बेचाळीस हजार.

सुरुवात भांडणानं झाली. गेल्या जूनमध्ये सर्व्हिसिंगला टाकली, तर बिलात ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल (पहिला आकडा थंडीतल्या जाडीचा, दुसरा गरम इंजिनातल्या) आणि वर 'इंजिन फ्लशिंग', म्हणजे आतली घाण धुणं, म्हणून सहाशे रुपये. फ्लशिंग सांगितलं कुणी? काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "पॅकेजमध्येच येतं, सर." मुकाट्यानं पैसे भरले. दोन हजार किलोमीटरच्या आत ऑइल गेजच्या, म्हणजे ऑइल मोजायच्या सळईच्या, खालच्या खुणेला टेकलं. लिटरभर गेलं आणि पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही.

त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचं ऑइल आणायला विट्याला गेलो होतो. १५डब्ल्यू-४०, ग्रेड सीआय-४ प्लस. डब्यामागे बारीक अक्षरात 'एसएल'सुद्धा छापलेलं. ग्रेडच्या सुरुवातीला सी म्हणजे डिझेल आणि एस म्हणजे पेट्रोल हे तुम्हाला माहीत असणारच. दोन्ही छापलेलं असलं की ते पेट्रोल इंजिनालाही चालतं. पाच लिटरचा डबा १,६५० ला उचलला. (त्याच फळीवर ट्रॅक्टरच्या गिअर-हायड्रॉलिकचं ऑइलही असतं. ते इंजिनात ओतू नका.)

गाडीत गेलं साडेतीन, उरलं दीड. माझ्या लेखी या ऑइलचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे हे दीड लिटर. डब्याच्या कडेला जी अर्धपारदर्शक पट्टी असते, तिच्यावर स्केचपेननं रेघ मारली, शेजारी तारीख आणि किलोमीटर. प्रत्येक टॉप-अपला नवी रेघ. बायको म्हणाली, "दुधाचा हिशेब कधी एवढा ठेवला नाहीत." खरं आहे.

पहिले दोन महिने मी खूश. गरम इंजिनात ४० नंबरचं ऑइल ३० पेक्षा जाड राहतं, त्यामुळे टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) टकटक दबली. मात्र सहाशे किलोमीटरलाच गेजवर ऑइल काळंकुट्ट दिसलं आणि पोटात गोळा आला. नंतर कळलं, डिझेल ऑइलात काजळी धरून ठेवणारी रसायनं जास्त असतात. आतली जुनी घाण सुटून ऑइलात येते, म्हणून ते काळं. अ‍ॅव्हरेज सतरावरून साडेसोळावर आलं, पण डब्यावरच्या रेघा इतक्या हळू उतरत होत्या की मी तिकडे काणाडोळा केला. ५,२०० किलोमीटरला फक्त ९०० मिली! तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

डिसेंबरात पाचगणीला गेलो. सकाळी स्टार्ट केल्यावर टकटक नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ टिकली, ते ठीक. पण पसरणी घाट उतरून वाईत थांबलो आणि मागच्या गाडीतून मेव्हणा उतरला. "दाजी, वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दिला की भस्सकन निळा धूर सोडते तुमची गाडी."

तिथं माझं मत फिरलं. उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडली की इंजिनात ओढ वाढते, झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत जाऊ न देणारी रबरी टोपणं) ऑइल आत खेचलं जातं आणि पुढच्या अ‍ॅक्सिलरेटरला जळतं. फरशीवर थेंब नव्हता तो यामुळे. म्हणजे जाड ऑइलनं रोग बरा केला नव्हता, नुसता झाकला होता. आमचा मिस्त्री म्हणाला, "काका, सील बदलायचे सोडून ऑइल काय बदलत बसलात?" हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून हवेचं प्रेशर देऊन त्यानं सोळाही सील बदलले. सगळे मिळून २,८०० रुपये. रॉकर कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) उघडलं तेव्हा आत चिखल अजिबात नव्हता. तेवढं श्रेय ऑइलला.

दुसरी खोट म्हणजे फॉस्फरस. झीज थांबवायला तो लागतोच, पण जळून बाहेर पडला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा भाग) थर धरतो. ३० नंबरच्या आजच्या पेट्रोल ऑइलांना त्यासाठी ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, सीआय-४ ला तशी नाही. ऑइल न खाणाऱ्या गाडीत याचा फारसा त्रास नाही. माझी तर नेमकी खाणारीच होती. पीयूसीत पास झाली, तरी कन्व्हर्टरचा भाव ऐकल्यापासून ते सहा महिने आठवून अंगावर काटा येतो.

आता सील नवे आहेत. दोन हजार किलोमीटर झाले, गेज जागचं हललेलं नाही. ऑइल मात्र मी हेच ठेवणार, आणि बदलणार पाच हजारालाच.

डब्यात शेवटच्या रेघेखाली ६०० मिली पडून होतं. मेव्हणा म्हणाला, माझ्या नव्या गाडीत टाका. ती टर्बो पेट्रोल. असल्या इंजिनांत माझ्या डब्यातल्यासारख्या, कॅल्शियम जास्त असलेल्या ऑइलानं कमी स्पीडला जोर देताना मिश्रण वेळेआधी पेटू शकतं, पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. पेट्रोल ऑइलांचे एसएन प्लस आणि एसपी हे नवे ग्रेड निघाले त्यात हेही एक कारण होतं. शिवाय वॉरंटी. मी डबा उचलून आत ठेवला. परवा ट्रॅक्टरला टॉप-अप लागलं, तेव्हा संपला.