नीलम घेताय? तापवलेला, न तापवलेला की कारखान्यातला

एक नीलम श्रीलंकेतल्या रत्नपुऱ्याहून जसा निघाला तसा आलेला, दुसरा तिथलाच पण तापवलेला, तिसरा कारखान्यात वाढवलेला. पेढीवर शेजारी शेजारी ठेवले तर साध्या डोळ्यांना फरक कळणार नाही. तिघेही ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कुरुंदच. माणिक आणि पुष्कराजही याच घरातले. काठिण्य तिघांचेही दहापैकी ९, हिऱ्याच्या खालोखाल. भावात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर.

आधी तापवलेल्याबद्दल, कारण बाजारात बहुतेक नीलम तोच असतो आणि गैरसमजही त्याच्याविषयीच जास्त. रत्नपुऱ्याकडे भातखाचरांखाली खडीचा थर लागतो, त्याला इल्लम म्हणतात. त्यातून फिकट, दुधाळ खडेही पुष्कळ निघतात. हे गेउडा खडे पूर्वी मातीमोल होते. १९७० च्या दशकात थायलंडमध्ये ते दीड हजार अंशांच्या वर तापवू लागले. दुधाळपणा येतो तो रुटाइल या खनिजाच्या बारीक तंतूंमुळे, आणि रुटाइल म्हणजे टायटॅनियमचे ऑक्साइड. उष्णतेने तंतू विरतात, टायटॅनियम खड्यातच मुरते, लोहाशी त्याची जोडी जमते आणि निळा रंग उमलतो. बाहेरून काही घातलेले नसते आणि रंगही कायम राहतो. रोज घालायच्या अंगठीसाठी मी बिनदिक्कत हाच सुचवेन. तापवलेला असल्याचे बिलावर तेवढे लिहून घ्या.

न तापवलेला चांगल्या रंगाचा खडा दुर्मीळ, म्हणून महाग. शनीसाठी धारण करणाऱ्यांना बहुधा हाच हवा असतो. पण जीआयएसारख्या रत्ने तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. तोंडी हमीला इथे किंमत नाही.

'काश्मिरी' म्हटले की जास्तच सावध व्हा. किश्तवाडच्या पाडर भागात १८८१ च्या सुमारास दरड कोसळली आणि खाण उघडी पडली. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंच जागा, वर्षातले बरेच महिने बर्फाखाली. उत्तम माल निघाला तो १८८२ ते १८८७ या काळात. तो मखमली निळा रंग पाहणाऱ्याला विसरता येत नाही, आणि म्हणूनच त्याचे नाव कुठल्याही निळ्या खड्याला चिकटवले जाते. आज अस्सल काश्मिरी खडे येतात ते मुख्यतः जुन्या दागिन्यांतून.

कारखान्यातला नीलम खोटा नाही, पण तो खाणीतला नाही. वर्न्यूल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ज्योतीत कुरुंद वाढवण्याची रीत जाहीर केली. अशा खड्यात भिंगाखाली कमानीसारख्या वाकलेल्या रेषा दिसतात. खाणीतल्या खड्यात रंगाचे पट्टे सरळ, कोनात वळणारे असतात. महागड्या घड्याळांची काचही याच पदार्थाची. नुसती शोभा हवी असेल तर खुशाल घ्या, मात्र भाव कारखान्याचाच द्या.

काचभरणीचा नीलम मात्र घेऊच नका. भेगाळलेल्या खड्यात कोबाल्टने रंगवलेली शिशाची काच ओतलेली असते. सोनाराच्या ज्योतीनेच काय, लिंबाच्या रसानेही ती खराब होते.

वजन रत्तीत सांगितले तर कॅरेटमध्ये विचारा. रत्ती कच्ची आणि पक्की अशी वेगवेगळ्या वजनाची असते, कॅरेट मात्र ०.२ ग्रॅमच. आणि खडा पाहायचा तो दुकानाच्या दिव्याखाली नको, दारात दिवसाच्या उजेडात न्या. लोह जास्त असलेला गडद खडा, बँकॉकचा म्हणून मिळतो तसला, तिथे काळपट दिसेल. सिलोनी, म्हणजे श्रीलंकेचा असेल तर त्यातून निळा उजेड आरपार येईल.