सुरीची मूठ बदलायचीय? लाख की एपॉक्सी

मूठ हलायला लागली की आधी एवढंच बघा, पातं मुठीत कसं गेलंय. दोन लाकडी पट्ट्यांच्या मधे पोलाद पार शेवटपर्यंत दिसतंय आणि वर दोन-तीन रिवेट आहेत, की निमुळतं शेपूट नुसतं भोकात घुसवलंय? साच्यातली प्लास्टिकची मूठ असेल तर नादाला लागू नका, नवी सुरी आणा.

शेपूटवाल्याला जुनी पद्धत म्हणजे लाख. भोकात लाखेचा चुरा भरायचा, शेपूट तापवायचं, घुसवायचं आणि गार होईपर्यंत सरळ धरून बसायचं, बास. पात्याला मात्र ओलं फडकं गुंडाळा, कारण उष्णता धारेपर्यंत गेली की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि मग ती सुरी टोमॅटो कापायच्या ऐवजी चेपत बसते. लाखेचं सुख म्हणजे उद्या मूठ फुटली तर परत तापवून उपसता येते. पण साधारण ७० अंशांच्या आसपास लाख मऊ पडते, म्हणजे कढत पाण्याने भांडी घासणाऱ्या घरात मूठ परत डुगडुगणार. कोयत्याला, विळ्याला मी लाखच लावेन, स्वयंपाकाच्या सुरीला नाही.

तिथे एपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूब एकत्र कालवून लावायचा गोंद. पण पाच मिनिटांत सुकणारी नको, सावकाश सुकणारी घ्या आणि २४ तास हात लावू नका. रिवेटवाल्या पात्याला तर हीच. जुने रिवेट ड्रिलने काढा, पोलाद सँडपेपरने खरवडा, ॲसिटोनने पुसा. सागवानात अंगचं तेल असतं, ते पुसलं नाही तर चिकटत नाही. शिसव जड पण कडक, मला तेच आवडतं, फक्त घासताना मास्क लावा. माझी पहिली मूठ महिन्याभरात सुटली, का तर क्लॅम्प, म्हणजे पट्ट्या दाबून धरायचा शिकंजा, इतका आवळला की सगळी एपॉक्सी कडेने बाहेर आली आणि आत काही उरलंच नाही! पितळी पिना मात्र घालाच, नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहू नका.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात. शेंगदाण्याचं लावू नका, ते वाळत नाही, चिकट होऊन खवट वास मारतं. आणि तेलाची चिंधी चुरगळून डब्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते, दोरीवर पसरून वाळवा.