कौलारू घराची दुरुस्ती आणि मलब्यातून गेलेला साग

कोकणातील जुनी कौलारू घरे मूळ रूप राखून दुरुस्त करून देतो, असे सांगणारे ठेकेदार अलीकडे जागोजागी भेटतात. त्यांतले बरेच जण प्रामाणिक असतील. आमच्या वाट्याला आलेला तसा नव्हता. राजापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या बाबतीत जे घडले ते तपशिलाने लिहितो आहे, कारण आगाऊ रक्कम घेऊन पसार होण्याचा नेहमीचा प्रकार यात नव्हता. या गृहस्थाने काम पूर्ण केले, किल्ल्या आमच्या हाती दिल्या आणि तरीही घरातील सर्वांत मोलाचा ऐवज तो घेऊन गेला.

घर जांभ्याच्या चिऱ्यांचे. पुढे ओटी आणि पडवी, आत माजघर व देवघर, वर माळा, छपरावर मंगलोरी कौले. खांब आणि तुळया सागाच्या, वासे ऐन-किंजळीचे. कुटुंबातील सगळे पुण्या-मुंबईला असल्यामुळे घर शाकारण्याचे काम काही वर्षे राहून गेले होते. पडवीच्या कोपऱ्यात गळती होती आणि तिथल्या वाशांना वाळवी लागली होती. ती बाजू उतरवून पुन्हा उभी करावी, बाकीचे घर आहे तसेच राहावे, एवढीच आमची अपेक्षा होती.

ठेकेदाराने दिलेल्या दरपत्रकात ठोक रक्कम होती आणि कामाच्या वर्णनात एक साधे वाक्य होते : ‘जुने निकामी सामान उतरवून जागा साफ करून देणे.’ कोणते सामान निकामी हे कोणी ठरवायचे आणि उतरवलेले सामान कोणाचे, याबद्दल कागदावर अवाक्षर नव्हते. सगळी मेख तिथेच होती. खाली ‘मलबा वाहतूक’ म्हणून वेगळी रक्कमही लावलेली होती, म्हणजे आमचाच साग वाहून नेण्याचे भाडे आम्ही भरले.

काम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला. ‘भाऊ, वाळवी बाहेरून दिसते तेवढीच नसते. खांब आतून पोखरलेत, उद्या छप्पर बसलं तर मला बोल लावू नका.’ सोबत चित्रफीत होती. खांबाच्या बुंध्याशी पटाशी घातली की भुगा गळताना दिसत होता. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशीच ती काढलेली होती. पुढे गावातल्या एका वयस्कर सुताराने यातील खोच समजावून सांगितली. सागाच्या बाहेरच्या अंगाला कधी कधी फिकट रंगाचे कच्चे लाकूड राहिलेले असते. वाळवी ते आवडीने खाते आणि तेलकट, गडद गाभ्याशी बहुधा थांबते. म्हणून भुगा कुठून निघाला हे पाहायचे नसते, पटाशी किती आत जाऊन अडली हे पाहायचे असते. लाकडावर हातोडीने ठोकले असता भरीव, खणखणीत आवाज आला तर खांब शाबूत आहे आणि बद्द आवाज आला तर पोकळ आहे, हेही त्यानेच सांगितले. बुंधा खरोखर कुजला असेल तर तेवढाच भाग कापून खाली दगडी उथळे, म्हणजे खांबाखालचा बैठकीचा दगड, वाढवतात. त्यासाठी अख्खा खांब कोणी काढत नाही.

यात किती माल जातो याचा अंदाज शहरात राहून येत नाही. जुने लाकूडही घनफुटावर विकले जाते. ८ इंच चौरस आणि ९ फूट उंचीचा एक खांब म्हणजे बरोबर ४ घनफूट साग होतो. ६ बाय ८ इंचांची १२ फुटी तुळईही तेवढीच भरते. पडवी आणि ओटीचे खांब, त्यांवरच्या तुळया, माळ्याच्या फळ्या आणि पुढचा कोरीव दरवाजा एवढ्याचा हिशेब मांडला, तर त्याची मजुरी त्यातूनच सुटली असती. हॉटेले आणि हौशी बंगलेवाले अशा लाकडाला चांगली किंमत देतात. कौलांचेही तेच. आमच्या काही कौलांवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या मंगलोर येथील कारखान्याचा छाप आणि १८६५ हे साल होते. ते साल कारखान्याच्या स्थापनेचे आहे, कौल भाजल्याचे नव्हे. पण सजावटीसाठी अशी कौले शोधणाऱ्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही. ‘निम्मी कौले उतरवताना फुटली’ असे आम्हाला सांगण्यात आले. एवढ्या फुटक्या कौलांचा ढीग परसात कुठेच नव्हता.

गेलेल्या वस्तूंच्या जागी जे आले ते पाहताक्षणी फसवे नव्हते, हे कबूल करावे लागेल. खांबांना गडद अक्रोडी रंग, दरवाजाला पितळी फुल्या, भिंतींना पांढरा गिलावा. पाहुणे खूश झाले. पावसाळा सुरू झाला आणि जुलैतच रंग खाली उतरू लागला. खांबांना पीळ पडून भेगा गेल्या आणि आतले लाकूड पांढरट, हलके निघाले. पडवीची नवी भिंत ‘चिऱ्याची’ म्हणून पैसे घेतले होते. तिच्या कोपऱ्यावर अगदी सरळ, उभी, केसाएवढी रेघ दिसत होती. खरा चिरा कोपऱ्यावर लावला की त्याची दोन्ही अंगे अखंड दिसतात, एका थराला लांब अंग एका बाजूस तर पुढच्या थराला दुसऱ्या बाजूस येते. तिथे वरपासून खालपर्यंत सांधा असूच शकत नाही. सुताराने सळईने टवका काढला, तेव्हा जांभ्याची बोटभर जाडीची फरशी सुटून आली आणि मागे सिमेंटचा ठोकळा दिसला.

चुन्याच्या गिलाव्याचीही तीच गत. खिळ्याने ओरखडा काढल्यावर पांढऱ्या पुट्टीखाली करडे सिमेंट निघाले. हा प्रकार केवळ दिखाऊपणाचा नाही. जांभा सच्छिद्र असतो, पावसात तो ओल धरतो आणि उघडिपीत सोडतो. चुन्यातून ती ओल बाहेर पडू शकते, सिमेंटच्या थरामागे ती अडकून राहते आणि माजघराच्या अंगाने फुटते. जुन्या भिंतींना जी ओल कधी नव्हती, ती या कामानंतर आली.

आम्ही जाब विचारला तेव्हा त्याने शांतपणे दरपत्रकातील ते वाक्य दाखवले. ज्या होमस्टेचे फोटो त्याने आपले काम म्हणून दाखवले होते, ते काम त्याने केलेच नव्हते, हे तिथल्या मालकांशी बोलल्यावर कळले. तेवढा एक फोन आधी झाला असता तर पुढचे बरेच टळले असते. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला तो लाकूड आमचेच होते आणि चांगले होते याचा पुरावा काय, असा. घरपट्टीच्या उताऱ्यावर घराचे वर्णन असते, खांबांची मोजणी नसते. शेवटी लग्नाकार्यातले जुने फोटो उपयोगी आले, कारण त्यांत दरवाजाची नक्षी आणि ओटीवरचे खांब स्पष्ट दिसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधील फौजदारीपात्र न्यासभंगाचा, म्हणजे विश्वासाने सोपवलेला माल लाटल्याचा, अर्ज दिला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील सेवेच्या व्याख्येत घरबांधणी येते, त्यामुळे जिल्हा आयोगाकडेही तक्रार केली आहे. अशी तक्रार, तिचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. दोन्हींचा निकाल अद्याप लागलेला नाही.

उरलेले काम आता त्याच सुताराकडे आहे. त्याने एकही कौल उतरवण्याआधी प्रत्येक खांबाला, तुळईला आणि दाराला खडूने क्रमांक घातला, मापे वहीत लिहिली, फोटो काढायला लावले आणि त्यावर आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. आमच्या वकिलांनी नव्या करारात घातलेले कलम ज्यांना हवे असेल त्यांनी जसेच्या तसे वापरावे : ‘घरातून उतरवलेले लाकूड, कौले, चिरे, दारे-खिडक्या व लोखंडी सामान, मग ते कोणत्याही अवस्थेत असो, घरमालकाच्या मालकीचे राहील, ते यादीप्रमाणे अंगणात रचून ठेवले जाईल आणि घरमालकाच्या लेखी परवानगीवाचून त्यातील काहीही आवाराबाहेर नेले जाणार नाही.’